चाकातली हवा आणि उतारवय

‘मोटारगाडीचे वजन कशावर उभे असते?’ असे वर्गात विचारले, तर बहुतेक मुले ‘चाकांवर’ असे उत्तर देतील. थोडी विचार करणारी मुले ‘टायरवर’ म्हणतील. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. टायरमधली हवा काढून टाकली की तोच टायर गाडीखाली चपटा होऊन बसतो. रबर आणि त्यातले दोरे हवेला कोंडून ठेवण्याचे काम करतात. भार पेलते ती मुख्यतः कोंडलेली हवा.

ही हवा दिसत नाही, तिचा आवाज येत नाही आणि ती रोज थोडी थोडी कमी होत असते. तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम तसे दहा मिनिटांचे आहे. पण त्यासाठी चार वेळा खाली बसावे लागते, लहानशी टोपी बोटांनी फिरवावी लागते आणि गेजवरचे बारीक आकडे वाचावे लागतात. सत्तरीच्या माणसाला नेमके हेच तीन प्रकार जड जातात. मग ‘दिसायला तर ठीक दिसतोय टायर’ असे म्हणून गाडी बाहेर काढली जाते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दक्षिणेला तापीकाठचा सपाट प्रदेश आहे, तर उत्तरेला सातपुड्याच्या रांगा थेट नर्मदेपर्यंत गेलेल्या आहेत. गावे दूरदूर, उन्हाळा कडक आणि घाट वळणावळणाचे. निवृत्त शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशी कितीतरी वयस्कर मंडळी बँकेत, दवाखान्यात, बाजाराला किंवा शेतावर स्वतःच्या स्कूटरने नाहीतर गाडीने जातात. गाडी चालवता येणे म्हणजे दर वेळी कोणाची वाट पाहावी न लागणे. चांदसैली घाटात चाक बसले, तर पंचविशीतला चालक जॅक लावून स्टेपनी चढवील. पंचाहत्तरीतल्या माणसाला ते कसे जमावे?

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. चालकाची अशी तपासणी होते, पण त्याच्या चाकांची तपासणी त्याने स्वतःच करायची असते. ती सोपी कशी करता येईल हे पाहण्याआधी त्यामागचे विज्ञान समजून घेऊ.

पोस्टकार्डाएवढी जागा

पंक्चरच्या दुकानात हवेचा दाब ‘पौंडां’त सांगतात. ‘तीस भर’ म्हणजे दर चौरस इंचावर तीस पौंड. एक पौंड प्रति चौरस इंच म्हणजे सुमारे ०.०७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणून ३२ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो.

माणसांसह हजार किलो वजनाची एक लहान गाडी घेऊ. प्रत्येक चाकावर सरासरी २५० किलो भार येतो. २५० ला २.२५ ने भागले, की १११ हे उत्तर येते. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला साधारण १११ चौरस सेंटिमीटर जागेत टेकलेला असतो. आपले पोस्टकार्ड १४ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे असते. गाडी वळते, थांबते, घाट चढते ते पोस्टकार्डाहूनही थोड्या लहान अशा चार तुकड्यांच्या आधारावर.

दाब कमी झाला की भार पेलण्यासाठी टायर जास्त जागेत टेकतो. त्याच्या भिंती अधिक वाकतात. जास्त जागा टेकली म्हणजे पकड वाढली असे मात्र नव्हे. टायरचा मधला भाग रस्त्यावर नीट दाबला जात नाही, कडा लवकर झिजतात, स्टिअरिंग जड होते आणि पेट्रोल जास्त लागते. ओल्या रस्त्यावर तर दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. उतारवयात ब्रेकवर पाय जायला क्षणभर अधिक लागतो. त्या क्षणाची भरपाई करणारे टायर नीट असणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.

वर्गासाठी प्रयोग : सायकलच्या साध्या व्हॉल्व्हवर मोटारीचा गेज नीट चालत नाही. म्हणून दाब मोजण्यासाठी उलटे गणित करू. टायरच्या खालच्या भागाला ओला गेरू किंवा शिक्क्याची शाई लावावी. चाकाखाली आलेखाचा कागद ठेवून एका विद्यार्थ्याने सायकलवर बसावे, दोघांनी सायकल सरळ धरावी. उठून चाक उचलल्यावर कागदावर ठसा मिळतो. पुढच्या व मागच्या चाकाचे ठसे स्वतंत्रपणे घ्यावेत, प्रत्येकाची बाहेरची रेघ काढून आतले चौकोन मोजावेत. समजा, विद्यार्थी ४५ किलोचा व सायकल १८ किलोची आहे आणि दोन्ही ठशांचे क्षेत्रफळ मिळून ३० चौरस सेंटिमीटर भरले. ६३ भागिले ३० म्हणजे २.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, अर्थात सुमारे ३० पौंड. आता थोडी हवा सोडून ठसा पुन्हा घ्यावा. भार तोच, पण ठसा मोठा. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे उत्तर अगदी अचूक येत नाही. पण हवा किती काम करते ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

हवा जाते कुठे?

पंक्चर नसतानाही हवा कमी होते, कारण रबर ही काही अभेद्य भिंत नाही. त्याच्या लांबलचक रेणूंच्या फटींतून हवेचे रेणू हळूहळू बाहेर झिरपतात. नैसर्गिक रबरापेक्षा ब्युटाइल रबरातून हे झिरपणे फार कमी होते. म्हणून ट्यूब आणि ट्यूबलेस टायरचे आतले अस्तर ब्युटाइल जातीच्या रबराचे करतात. तरीही चांगल्या टायरमधून महिन्याला एक ते दोन पौंड हवा जातेच.

उभ्या गाडीतूनही ती जाते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. निवृत्तीनंतर गाडी कमी फिरते. ‘गाडी घरीच तर होती, हवा कशाला बघायची?’ असे वाटते. पण आखाजीला भरलेली हवा दिवाळीपर्यंत पाहिलीच नाही, तर सहा महिन्यांत सहा ते बारा पौंड कमी झालेले असतात. शिवाय डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आजचे रेडियल टायर योग्य दाब असतानाही खाली थोडे फुगलेलेच दिसतात. ३२ पौंडांचा टायर आणि २५ पौंडांचा टायर शेजारी शेजारी ठेवले, तरी नुसत्या नजरेला फरक कळणे कठीण. ट्रकचा क्लिनर टायरवर दांडका मारून आवाज ऐकतो. त्याने साफ बसलेला टायर ओळखू येतो, पाच-सात पौंडांची घट नव्हे.

नायट्रोजन भरल्यास हा प्रश्न सुटतो का? ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो हे खरे. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापमानाने होणारा दाबातला बदल दोन्हींत जवळजवळ सारखाच असतो. नायट्रोजन भरायला हरकत नाही. तो भरला म्हणून मोजणे सोडायला मात्र हरकत आहे.

दुपारच्या हवेचा हिशेब

गेज शून्य दाखवतो तेव्हा टायरमध्ये निर्वात पोकळी नसते. बाहेर असते तितकीच, म्हणजे वातावरणाच्या दाबाची हवा आतही असते. गेज दाखवतो तो वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब. नंदुरबारच्या सपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १४.४ पौंड धरू. गेजवर ३२ असतील, तर आतला खरा म्हणजे निरपेक्ष दाब ४६.४ पौंड झाला. घनफळ तेच असेल तर हा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की निरपेक्ष तापमान मिळते.

आता मे महिन्यातली एक दुपार घ्या. पारा चाळिशीच्या वर गेलेला. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पंपावर आणली. टायरमधली हवा ६० अंशांपर्यंत तापली आहे. तिथे गेजवर बरोबर ३२ करून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर २८ अंशांवर आला, तेव्हा दाब किती असेल?

४६.४ ला ३०१ ने गुणून ३३३ ने भागले, की ४१.९ मिळतात. त्यातून १४.४ वजा केले, की गेजवर साडेसत्तावीस. म्हणजे एक कणही बाहेर न जाता साडेचार पौंड कमी! याच हवेवर गाडी डिसेंबरात, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत, १२ अंशांच्या पहाटे बाहेर काढली, तर गेज २५ च्या आसपास दाखवील. झिरपलेली हवा आणखी वेगळी.

म्हणूनच गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतला आकडा ‘थंड’ टायरसाठी असतो. थंड म्हणजे निदान तीन तास सावलीत उभ्या असलेल्या गाडीचा टायर. पहाटेची वेळ सर्वांत चांगली. पंप दूर असेल आणि टायर तापलेलाच तपासावा लागला, तर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

‘उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. तो उलटा आहे. कारण समजण्यासाठी रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून टाकून पाहावा. तो मीटरभर उसळत नाही. दबताना चेंडूने घेतलेल्या ऊर्जेपैकी काही भाग परत मिळत नाही. तिची मुख्यतः उष्णता होते. टायरचेही तसेच. चाकाचा परीघ १.८ मीटर असेल, तर ४० किलोमीटरच्या प्रवासात ते सुमारे २२,००० वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा दबून सुटतो. हवा कमी असेल तर दबणे जास्त, म्हणून उष्णता जास्त. तापलेले रबर आणि त्यातल्या दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. उन्हाळ्यात टायर फुटण्याचे एक मोठे कारण कमी हवा हेच आहे. नेमून दिलेल्या दाबात उन्हाने होणारी वाढ आधीच गृहीत धरलेली असते.

तोरणमाळचे कोडे

विद्यार्थ्यांना घालण्याजोगे एक कोडे याच जिल्ह्यात आहे. शहाद्याहून तोरणमाळला गेलेल्या गाडीच्या टायरचा दाब रात्रभर विश्रांतीनंतर वाढलेला दिसेल की कमी?

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. शहाद्याची सपाटी १५० मीटर धरू. हजार मीटर वर गेल्यावर वातावरणाचा दाब १४.४ वरून सुमारे १२.८ पौंडांवर येतो. बाहेरचा दाब घटल्याने गेजवरचा आकडा १.६ ने वाढायला हवा. पण वर थंडावाही असतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतार धरला, तर खाली ३५ अंश असताना वर २८.५ अंश असतील. ४६.४ गुणिले ३०१.५ भागिले ३०८ म्हणजे ४५.४. त्यातून १२.८ वजा केले की ३२.६. म्हणजे उंचीने वाढवलेले बरेचसे थंडीने परत घेतले! घाटात जाताना हवा कमी-जास्त करण्याची गरज नाही, हे यातून सिद्ध होते. निघण्यापूर्वी ती योग्य असली म्हणजे झाले.

गुडघे, डोळे आणि बोटे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शरीर ऐकत नसेल तर कामाची रीत बदलावी.

गुडघ्यांसाठी : वाकून उभे राहू नये. घरातला बुटका स्टूल किंवा मोडा चाकाशेजारी ठेवून त्यावर बसावे. स्कूटर मधल्या स्टँडवर लावून चाक हाताने फिरवले की व्हॉल्व्ह सोयीच्या उंचीवर आणता येतो. चारही चाके एकाच दिवशी तपासली पाहिजेत असा नियम नाही. रोज पहाटे एक चाक पाहिले, तर चार दिवसांत काम होते आणि पाचव्या दिवशी स्टेपनी. हिलाच आपण नेहमी विसरतो.

डोळ्यांसाठी : पेनासारख्या गेजवरच्या बारीक रेघा चाळिशीनंतर वाचणे कठीण. नळी असलेला, मोठ्या तबकडीचा किंवा ठळक उजळ आकडे दाखवणारा गेज घ्यावा. नळीमुळे आकडा डोळ्यांसमोर धरता येतो. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत चिकटवावा. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, भरायचा नव्हे. गाडीत माणसे व सामान भरपूर असेल, तेव्हाचा आकडा त्याच पट्टीवर वेगळा दिलेला असतो. स्कूटरच्या मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते.

बोटांसाठी : व्हॉल्व्हच्या धातूच्या टोप्या गंजून घट्ट बसतात; प्लास्टिकच्या घ्याव्यात आणि हाताने बसतील इतक्याच आवळाव्यात. टोपी मात्र हवीच. व्हॉल्व्हमधली टाचणी स्प्रिंगने बंद राहते आणि तिथे धूळ अडकली तर हवा निसटते. शंका आली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. पंक्चरवाले हेच थुंकी लावून पाहतात.

हवा भरण्यासाठी : पायाने मारायचा पंप एका पायावर तोल मागतो, म्हणून तो वापरताना हाताला भक्कम आधार हवा. त्यापेक्षा गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोयीचा. त्यावर हवा तो आकडा लावून ठेवला, की तेवढा दाब होताच तो आपोआप बंद होतो. ज्यांना हेही नको, त्यांनी सकाळी लवकर जवळच्या पंक्चरवाल्याकडे जावे; पण आकडा आपण सांगावा आणि आपला गेज बरोबर न्यावा.

काही नव्या गाड्यांत टायरमध्येच दाब मोजणारे संवेदक असतात. अमेरिकेत २००७ पासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. भारतात २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार असे संवेदक आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. जुन्या गाड्यांसाठी व्हॉल्व्हवर टोपीऐवजी फिरवून बसवायचे संवेदक मिळतात. आकडे चालकासमोर दिसतात, वाकावेच लागत नाही. मात्र अमेरिकेच्या नियमात दाब २५ टक्क्यांनी घटला की दिवा लागला पाहिजे असे आहे. ३२ चे २४ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. दिवा हा पहारेकरी आहे, हिशेबनीस आपणच.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

दिवस ठरलेला असला की काम विसरत नाही. पेन्शन जमा होण्याचा दिवस त्यासाठी चांगला. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. टायरने तो दरमहा द्यावा! भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, चारही चाकांचे आकडे हवा भरण्याआधी लिहावेत.

चार-सहा महिन्यांनी हे आकडे बोलू लागतात. चारही चाकांत सारखीच एक-दोन पौंडांची घट असेल, तर ते नेहमीचे झिरपणे. चारहींत एकदम तीन-चार पौंडांचा फरक दिसला, तर ऋतू पालटला आहे. तीन चाके ३१ वर आणि एक २६ वर असेल, तर त्या एका चाकात खिळा, खराब व्हॉल्व्ह किंवा रिमजवळची गळती आहे. इतर तीन चाके इथे प्रयोगशाळेतल्या तुलनेच्या नमुन्याचे काम करतात. एकाच मोजमापातून हे कळले नसते.

त्याच वहीत टायरचे वयही लिहावे. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी ठळक दिसते, पण रबर ऊन आणि ऑक्सिजनने आतून कडक होत जाते. पाच-सहा वर्षांनंतर बारीक भेगांसाठी दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपुढे टायर वापरूच नये, मग नक्षी कितीही शाबूत असो.

शाळेसाठी यातून एक चांगला उपक्रम होतो. आठवी-नववीच्या गटाने एक गेज घेऊन, गावातल्या वयस्कर वाहनचालकांच्या परवानगीने, पहाटे त्यांच्या गाड्यांचा दाब मोजावा. असायला हवा तो दाब, असलेला दाब, हवेचे तापमान आणि शेवटची हवा कधी भरली, असे चार रकाने पुरेत. त्याच गाड्या दुपारी फिरून आल्यावर पुन्हा मोजाव्यात आणि वायूच्या नियमाने काढलेल्या उत्तराशी आकडे ताडून पाहावेत. मोजून झाल्यावर आजोबांच्या हाती नुसता आकडा देऊन निघू नये. तो कसा काढला ते दाखवावे आणि पुढच्या महिन्याचा आकडा त्यांनी स्वतः घ्यावा यासाठी गेज एक दिवस त्यांच्याकडे ठेवावा.